चौदाव्या दिवसाची तपासणी

उद्या सकाळी तुम्ही सगळे ताप मोजायला घरोघर निघणार, म्हणून आज सांगतो. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. गोष्ट माझ्या बरोबरीच्या एका आरोग्यसेवकाची आहे. त्याला आम्ही 'घड्याळ' म्हणायचो, कारण गडी आयुष्यात कधी वेळेवर आला नाही.

तो नवा ताप पहिल्यांदा आला तेव्हाची ही गोष्ट. औषध नव्हतं, तापाचं नावही धड ठरलं नव्हतं. ज्याचा संशय, त्याच्या दारावर लाल कागद चिकटवायचा, चौदा दिवस त्याला आत ठेवायचं, आणि रोज जाऊन कपाळासमोर थर्मल गन धरायची. आकडा लिहायचा. खोकला आहे का, विचारायचं.

घड्याळाच्या गल्लीत शेवटचं घर शिवणकाम करणाऱ्या एका मावशींचं. एकट्याच राहायच्या. प्रवासात त्यांच्या शेजारी बसलेला माणूस त्या तापाने गेला, म्हणून कागद लागला. हा दहा दिवस नेमाने गेला. दहाव्या दिवशी मावशी खोकल्या.

"काही नाही रे, दोरा दाताने तोडते ना, घशात गेला असेल."

नियम काय? तिथल्या तिथे दवाखान्याची गाडी बोलवायची. पण गाडी आली की ह्यालाही चौदा दिवस कोंडणार, आणि घरी बायकोचे दिवस भरलेले. त्याने 'खोकला नाही' असं लिहिलं. अकराव्या दिवसापासून तो त्या घराकडे फिरकलाच नाही. कोपऱ्यावरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसून कागदी घोडे नाचवायचा. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. दुसऱ्या दिवशीही अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. मधल्या काळात मुलगी झाली. लाज वाटत होती हो त्याला, मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. पण पाय काही तिकडे वळले नाहीत.

चौदावा दिवस मंगळवार. त्या दिवशी कागद काढायचा असतो. दिवसभर टाळलं, आणि रात्री सव्वानऊला निघाला. कागद ओढायचा आणि मागे फिरायचं, एवढंच काम.

गल्लीत दिवे चालू होते. कागदाला नख लावलं, तोच दार उघडलं.

मावशी दाराला लागूनच खुर्चीवर बसल्या होत्या. आत अंधार.

"आलास? दाराशीच बसते हल्ली. तुला दोनदा हाक मारायला लागू नये म्हणून."

हा कागद ओढायला लागला.

"मुलगी झाली ना? सुखरूप आहेत ना दोघी?"

हिला कोणी सांगितलं? ...त्याच्या मनात आलं. सवयीने त्याने गन कपाळासमोर धरली.

'लो'.

गार भिंतीसमोर धरली की ती गन आकडा देत नाही, 'लो' दाखवते. त्याने काच पुसली. पुन्हा धरली. लो. स्वतःच्या तळहातावर धरली. सत्त्याण्णव. पुन्हा मावशींच्या कपाळासमोर...

लो.

"काय आलं?"

त्याने खिशातून वही काढली.

"लिही ना, बाळा. रोज लिहितोस तेच लिही."

आणि पोरांनो, त्याने लिहिलं. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. मग पळत सुटला.

पहाटे त्यानेच गाडी बोलावली. दाराला आतून कडी. तोडावं लागलं. मावशी दाराला लागून, खुर्चीवर... डॉक्टर म्हणाले, तीन दिवस होऊन गेलेत. आणि म्हणाले, खोकला लागला तेव्हाच आणलं असतं तर वाचल्या असत्या. साहेबांना त्याने सगळं सांगून टाकलं. नोकरी गेली नाही, नुसता मेमो आला. ते त्याला जास्त लागलं.

आता पुढचं ऐका. त्याच सकाळी दवाखान्याच्या फाटकावर रखवालदाराने त्याच्या कपाळासमोर गन धरली. लो. रखवालदार हसला, सेल बदलले. लो. मागच्या माणसाचा ताप बरोबर दाखवला. ह्याचा... लो.

माणूस चांगला आहे हं. जेवतो, हिंडतो, हात लावला तर अंग ऊन लागतं. पण गन कुठलीही आणा.

गेल्या महिन्यात मुलगी डॉक्टर-डॉक्टर खेळत होती. पाच वर्षांची आहे, नुकतं वाचायला लागलीय. कपाटातली गन काढून तिने बापाच्या कपाळासमोर धरली आणि विचारलं, "बाबा, तुमचा आकडा का येत नाही?"

त्याने तिला अजून सांगितलेलं नाही.