वीस टक्के साथ

सुलेखा चौगुले मिरजेच्या उपचारकेंद्राच्या बावीस पायऱ्या कठड्याला हात न लावता चढली आणि वरून ओरडली, "आटप की गं आई!" एकोणतीस वर्षांत तिने आईला पहिल्यांदाच मागे टाकलं होतं. एवढा तोरा तिला शोभतही होता.

सलवारीखाली कमरेपासून घोट्यापर्यंत तिने 'स्नायुसाथी' चढवला होता. दिसायला जाड पायमोजा, पण विणलेला कृत्रिम स्नायूंच्या धाग्यांनी. सुलेखाचे सांधे जन्मापासून सैल. हाडांना बांधून ठेवणारे अस्थिबंधच ढिले, त्यामुळे गुडघा उलटा वाके, खुबा जागचा हले. लहानपणी पाहुणे आले की आई तिला अंगठा मनगटाला टेकवून दाखवायला लावी. त्या कौतुकाचं पुढे दुखणं झालं आणि पंचविशीत चाकाची खुर्ची आली.

सांधा निसटण्याआधीच साथी आवळायचा. सुरुवातीला ऐंशी टक्के साथ, मग दर आठवड्याला थोडी कमी, म्हणजे तिचे स्वतःचे स्नायू तेवढे जास्त राबतील. नऊ महिन्यांनी तो पुढच्या रुग्णाला द्यायचा. ते नऊ महिने आज भरले होते.

केंद्रातल्या फिजिओथेरपिस्ट मुजावर मॅडमनी साथी उतरवला आणि बळ मोजणाऱ्या यंत्राचा पट्टा तिच्या घोट्याला बांधला. "लाव जोर."

सुलेखाने दातओठ खाऊन जोर लावला. मॅडमनी आकडा पाहिला आणि पुन्हा लावायला सांगितला. नऊ महिन्यांपूर्वी चौदा किलो होता, आज नऊ भरला.

"यंत्र बिघडलंय," सुलेखा हसली. "गेल्या महिन्यात दंडोबाचा डोंगर चढलेय मी, वीस टक्क्यांवर!"

मॅडमनी साथीच्या आतली नोंद उघडली. डोंगरावर साथ नव्वद टक्के होती. रोज घरी गेल्यावर कुणीतरी ती वाढवत होतं आणि इथल्या पायऱ्या चढून झाल्या की तपासणीपुरती खाली आणत होतं. साथीचा आकडा बघायची आणि अडीअडचणीला साथ वाढवायची सोय फक्त आईच्या फोनवर दिलेली होती.

आईने पदर तोंडाला लावला. "जिना चढताना तुझं तोंड बघवत नव्हतं गं. म्हटलं, थोडंसं वाढवावं. मग रोजच..."

"आणि मला कळलंसुद्धा नाही?"

"तुला कसं कळणार?" मॅडम हळूच म्हणाल्या. "डोळे मिटले की गुडघा वाकलाय का सरळ आहे, तेही तुला सांगता येत नाही. सांध्यांची खबर तुझ्या मेंदूपर्यंत धड पोचतच नाही. म्हणून तर आकडा बघून चालायचं."

सुलेखाला आईचा भयंकर राग आला, आणि त्याच आईच्या कुशीत शिरून रडावंसंही वाटलं. नऊ महिने कुणीतरी तिला चालवत होतं आणि ती मात्र गावभर मिरवत होती.

"साथी आज परत द्यावाच लागेल," मॅडम म्हणाल्या. "पण बळ साथीवाचूनही वाढवता येतं. हळूहळू, दुखणं सोसत. उभी राहा बघू."

चालण्याच्या सरावासाठी लावलेल्या दोन्ही समांतर दांड्या धरून ती उभी राहिली. एक पाऊल टाकलं. मांडीपासून पोटरीपर्यंत कळ गेली. आईचा हात सवयीने फोनकडे गेला आणि तिथेच थबकला.

"मॅडम," सुलेखा घामाघूम होऊन म्हणाली, "हे दुखतंय ते बळ येतंय म्हणून, का सांधा निसटतोय म्हणून? मला कळत नाही. तुम्हाला तरी कळतंय का?"