डाव्या मडगार्डवरचा

सारपोंगची टॅक्सी ढकलत ओबिरी मिस्त्रीच्या अंगणात आणली, तेव्हा ओबिरी आणि त्याचा धाकटा भाऊ अदू मक्याच्या पिठाचं केंके आणि मासा खात बसले होते. कुमासी शहरातल्या सुआमे या मिस्त्र्यांच्या वस्तीत गाड्या अशाच येतात, माणसांच्या जोरावर. वाळवंटाकडचा कोरडा वारा सुटला होता आणि भर दुपारी सूर्य धुळीआड मळकट दिसत होता.

"सेल्फ मारून मारून हात दुखतो," सारपोंग म्हणाला. "सुरू झालीच तर पिकअप नाही. चढावर म्हातारीसारखी धापा टाकते."

ओबिरीनं बोटं चाटली आणि इथला प्रत्येक मिस्त्री विचारतो तेच विचारलं, "गाडीनं कुणाला खाल्लंय का?"

सुआमेत हा प्रश्न प्लगच्याही आधीचा. ज्या गाडीपायी माणूस गेला, तिच्या चाकांवर मेंढ्याचं रक्त सांडून मेलेल्याची माफी मागायची. त्याशिवाय तिला कुणी पाना लावत नाही.

"छे! कोंबडीसुद्धा नाही," सारपोंग म्हणाला. जरा घाईनंच म्हणाला.

ओबिरी कामाला लागला. प्लगची ठिणगी निळी, सणसणीत. कॉम्प्रेशन चांगलं, फिल्टर स्वच्छ, सायलेन्सर मोकळा. मग घोडं पेंड खातंय कुठं? पुढून डावी बाजू दबलेली दिसली म्हणून स्प्रिंग बदलली, तरी ती बाजू काही वर येईना.

"कुणी बसलंय वाटतं मडगार्डवर!" अदू हसला. येत्या शनिवारी त्याचं लग्न होतं, त्यामुळे सध्या तो सगळ्यावरच हसायचा. आईबापामागं ओबिरीनं त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं. त्याच्याशिवाय ओबिरीला होतंच कोण?

उरला टाकीतून इंजिनाला पेट्रोल पोचवणारा पंप. त्याची परीक्षा इथं एकाच रीतीनं होते. बॉनेट काढायचं, एकानं मडगार्डवर बसून बाटलीतून थेट कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सोडायचं, दुसऱ्यानं गाडी पळवायची. शहाण्यानं करू नये असं काम, पण सुआमेत ते रोज होतं. अदू बाटली घेऊन डावीकडं वळला तसा सारपोंग ओरडला, "तिकडं नको! उजवीकडं बस!"

तिघं दगडखाणीच्या ओसाड रस्त्यानं निघाले. ओबिरी स्टिअरिंगवर, अदू उजव्या मडगार्डवर, सारपोंग मागच्या सीटवर. गाडी एका सेल्फला सुरू झाली आणि चढ असा चढली की ओबिरी चाटच पडला. पण पुढं बसलेल्या अदूचं हसणं बंद झालं होतं. आत जळक्या मांसाचा वास आला.

"दादा... माझ्यासमोर कोण बसलंय?"

"वारा लागलाय तुला. पेट्रोल सोड!"

"दादा, तो बाटली ओढतोय..."

भप्प! सगळी काच केशरी झाली. ओबिरीनं ब्रेक मारला, अदूला खाली खेचलं, धुळीत लोळवलं, दोन्ही हातांनी माती लोटून इंजिनावरचीही आग विझवली. अदूच्या हातांची कातडी हातमोज्यासारखी सुटून आली.

"दादा... त्याला तोंडच नव्हतं..."

ओबिरीनं सारपोंगचा गळा धरून त्याला गाडीवर आपटलं. "बोल, हरामखोरा! कुणाला खाल्लंय हिनं?"

"बोआडी... माझा क्लीनर होता. डावीकडं बसला होता. बाटली पेटली..." सारपोंग म्हणाला. "पण गाडी पहिल्यांदाच नीट पळत होती मिस्त्री. मागं पॅसेंजर होते. मी... मी चढ संपेपर्यंत थांबलो नाही."

"आणि मेंढा?"

"गावाला कळलं असतं ना..."

इस्पितळ पुढच्या टेकडीच्या पलीकडं होतं. ओबिरीनं अदूला मागच्या सीटवर निजवलं आणि सेल्फ मारला. काही नाही. पुन्हा मारला. इंजिन नुसतं कण्हत राहिलं. रस्त्यावर दुसरी गाडी नव्हती आणि अदूचा श्वास तुटत चालला होता. ओबिरीची नजर डाव्या मडगार्डवर गेली. ते हळूच आणखी खाली दबलं.

ओबिरीनं डिकीतली दुसरी बाटली काढली. "बस," तो सारपोंगला म्हणाला.

"मिस्त्री, पाया पडतो तुमच्या..."

ओबिरीनं पाना उचलला आणि त्याच्या जबड्यावर हाणला. दोन दात धुळीत पडले. "बस म्हणतो ना! ती दोघांशिवाय सुरू होत नाही!"

सारपोंग रक्त थुंकत उजव्या मडगार्डवर चढला. पहिल्याच सेल्फला गाडी गुरगुरली. चढावर तो समोरच्या रिकाम्या जागेकडं बघून बडबडत होता, "बोआडी, बाळा, चुकलं माझं... मेंढा देतो, दोन देतो..." मग बाटली त्याच्या हातातून समोर ओढली गेली.

"थांबव!" सारपोंगचे केस पेटले होते. "मिस्त्री, थांबव!"

ओबिरीनं आरशात पाहिलं. अदूचे डोळे मिटत होते. आता थांबलो तर ही परत सुरू व्हायची नाही, हे त्याला पक्कं कळत होतं. त्यानं पाय ॲक्सिलरेटरवर दाबला. काचेवर हात आपटत राहिले, आधी बोटं दिसत होती, नंतर नुसताच काळा डाग उमटायला लागला. चढ संपेपर्यंत तो थांबला नाही.

इस्पितळाच्या दारात माणसं धावत आली. उजवं मडगार्ड रिकामं होतं. राख नाही, चिंधी नाही. नुसती बाटली उभी होती, काठोकाठ भरलेली.

अदू वाचला. हात राहतील की नाही सांगता येत नाही, पण जीव राहील, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ओबिरी भिंतीला टेकून ढसाढसा रडला. ऊन उतरता बाहेर येऊन त्यानं सेल्फ मारला. इंजिन कण्हलं, सुरू झालं नाही.

फाटकावरचा म्हातारा पहारेकरी जवळ आला. "धक्का देतो, मिस्त्री. पण आधी सांग, गाडीनं कुणाला खाल्लंय का?"

"छे!" ओबिरी म्हणाला. जरा घाईनंच म्हणाला. "कोंबडीसुद्धा नाही."

म्हातारा धक्का द्यायला वाकला आणि तसाच थबकला.

"मग पुढून अशी का दबलीय रे? दोन्हीकडनं, अगदी सारखी."