मार्चमधली फुली

ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातली तीनशे किलोमीटर लाल धूळ खाऊन बर्नी ग्रिगची कंबर पार कामातून गेली होती. गाडी त्यानं चालवायची आणि डोकं एल्वा इंकामालानं, अशी खासगी तपासाच्या धंद्यातली त्यांची अकरा वर्षांची वाटणी. आता दोघंही थकले होते. एल्वाला उतरताना दाराला धरावं लागलं.

आदिवासी वस्तीच्या कचेरीत जुंकाया वाट पाहत होती. तिची आई इथली नावाजलेली वैदू. मे महिन्यात गेली. टेबलावरच्या फाइलीवरचं नाव बर्नीनं मोठ्यानं वाचलं, "इर्मा..."

जुंकायानं दोन्ही कान झाकले.

"गेलेल्या माणसाचं नाव घेतात का रे?" एल्वा करवादली. "अकरा वर्षांत एवढंही शिकला नाहीस?"

"चुकलो, बाई."

फाइलीत एकच कागद. चार मार्चचा, वस्तीच्या भाषेत, खाली फुली. म्हातारीला लिहिता येत नव्हतं. एल्वाला ती भाषा येत होती, तिनं वाचून दाखवला: "वासाच्या झुडपाची पानं कुठून तोडायची, औषध कसं करायचं, हे सगळं मी कंपनीला दिलं. पुढं कुणी हक्क सांगू नये."

"आई असं देणारच नाही, मावशी," जुंकाया म्हणाली. "आज दुपारी सभा याला मान्यता देणार. मग आमच्याच टेकडीवरचं पान तोडायला आम्ही कंपनीच्या पाया पडायचं?"

कचेरीतल्या ग्वेननं आधीच हात झटकले. "जूनमध्ये टपालाच्या गठ्ठ्यात सापडला, मी फाइल केला. मला या भाषेतलं ओ की ठो कळत नाही. असे कागद लिहिणारे इथं दोघंच. डॉक्टर आणि लिंटन."

डॉक्टर फ्रेझर त्या औषध कंपनीचा संशोधक. फेब्रुवारीत गेलेला, तो थेट आज सकाळी अ‍ॅडलेडहून परतला होता. भाषा मात्र फर्डी.

"इर्मांका-इर्मांकाच्या पानात एक संयुग आहे," तो उत्साहानं सांगू लागला. "न भरणाऱ्या जखमांमधले जंतू मारतं. प्रयोगशाळेत तरी. तेही म्हातारी दाखवायची त्याच टेकडीवरच्या पानांतलं. इर्मांका-इर्मांकाच्या चाचण्या माणसांवर व्हायच्यात अजून."

दारातल्या बायका तोंड फिरवून निघून गेल्या. फ्रेझरला कळेना, काय बिघडलं.

"ते झुडपाचं जुनं नाव झालं," जुंकाया एल्वाच्या कानाशी लागली. "आईला पुरलं त्या दिवशी बायकांनी नवं ठरवलं."

लिंटन म्हातारीचा भाचा, वस्तीचा दुभाषा. दाढीचे खुंट वाढलेले, डोळे तांबारलेले.

"मी नाही लिहिलं. डॉक्टरच वर्षभर वासाच्या झुडपामागं हात धुऊन लागला होता."

"घरी कोण असतं?"

"कुणी नाही. बायको अ‍ॅलिस स्प्रिंग्जला. मूत्रपिंडं गेली, आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या यंत्रावर. दोन वर्षं घर पाहिलं नाही तिनं."

एल्वानं सगळ्यांना बसवलं. स्वतःही बसली.

"डॉक्टरच!" बर्नी पुटपुटला. "भाषा येते, फायदाही त्याचाच."

"त्यानं लिहिलं असतं तर जुनं नाव लिहिलं असतं. आत्तासुद्धा तेच बोलला, कारण बदल त्याला ठाऊकच नाही. गेलेल्या बाईचं नाव त्या शब्दाच्या तोंडालाच आहे, म्हणून शब्दही टाकला. कधी? मे महिन्यात. मग मार्चच्या कागदावर 'वासाचं झुडूप' हे नवं नाव कसं?"

"म्हणजे कागद मेनंतरचा!"

"आणि मेनंतर फुली कोण करणार? ग्वेनला भाषा येत नाही. डॉक्टरला बातमी नाही. उरला एकच, ज्याला तो शब्द कागदावरही आणवला नाही."

लिंटननं मान वर केली नाही.

"कंपनीवाले म्हणाले, कागद आला की इथंच यंत्र बसवू," तो म्हणाला. "जुनं नाव लिहायला घेतलं होतं मी. पहिलं अक्षर झालं आणि हात थांबला. आत्याला फसवायला निघालो होतो, तरी ते लिहवेना."

फ्रेझरनं कागद उचलला आणि जुंकायाच्या हातात दिला. तिनं त्याची घडी केली, लिंटनशेजारी येऊन टेकली. जिंकल्याचा आनंद तिच्या तोंडावर कुठंच नव्हता.

"वहिनीला फोन लाव, दादा," ती म्हणाली. "यंत्र येत नाही म्हणून मीच सांगते. तुझ्याच्यानं नाही व्हायचं."