बेबीने सगळं संपवलं

रोज सकाळी आठच्या सुमाराला कल्पेश दूध न्यायला यायचा. माझं दूध. गिरीजला माझ्या माहेरी, मागच्या खोलीत बसून मी पहाटेपासून पंपाने काढून ठेवलेलं. औषधाच्या बाटलीएवढ्या झाकणाच्या डब्या असायच्या. प्रत्येकीवर चिठ्ठी, माझं नाव, तारीख, किती मिली. कल्पेश त्या बर्फाच्या पिशवीत उभ्या लावायचा, पिशवी स्कूटरला अडकवायचा आणि चंदनसारला निघायचा. तिथल्या एका हॉस्पिटलात, तिसऱ्या मजल्यावर, काचेच्या पेटीत आमचा मुलगा होता.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी नाही सांगत. ऐकणारा आधी माझ्याकडे बघतो, मग माझ्या आईकडे, आणि मग विषय बदलतो.

सत्ताविसाव्या आठवड्यात माझं बीपी अचानक वाढलं आणि मला आकडी आली. आगाशीच्या एका लहान प्रसूतिगृहात घाईघाईने सिझर केलं. मुलगा आठशे चाळीस ग्रॅमचा. एवढ्या लहान बाळाला ठेवायची सोय तिथे नव्हती, म्हणून त्याला तसंच अ‍ॅम्ब्युलन्समधून चंदनसारला नेलं. मला शुद्ध आली ती दोन दिवसांनी. पोट रिकामं होतं आणि शेजारी पाळणा नव्हता. कल्पेशने फोनवर फोटो दाखवला. नळ्या, टोपी, आणि माझ्या अंगठ्याएवढं पाऊल. मी माझ्या मुलाला पाहिलं ते फक्त असं, फोटोत.

आगाशीला नऊ दिवस काढले, दूध तिथूनच जायला लागलं होतं. बीपी खाली येईना, अधूनमधून डोळ्यांपुढे अंधारी यायची. मग आईने गिरीजला आणलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, जिने चढायचे नाहीत, प्रवास नाही, मनाला त्रास होईल असं काही नाही. मी बाळाला बघायला जाते म्हटलं की कल्पेश म्हणायचा, "टाके ओले आहेत तुझे. त्याला इन्फेक्शन झालं तर? थोडे दिवस थांब ना, मनाली."

मी थांबायची. तो रोज एक नवा फोटो दाखवायचा. आई रोज वाटीभर अळिवाची खीर समोर ठेवायची. "खा, दूध वाढतं," म्हणायची आणि मी खाऊन संपवेपर्यंत उंबऱ्याशी उभी राहायची. पुढे समजलं तेव्हा मला सगळ्यात जास्त ती खीर आठवली.

पहिला फोन आला तेव्हा मी अजून आगाशीलाच होते. बाळ सहा दिवसांचं होतं. दुपारचे साडेतीन वाजले असतील. वॉर्डमधल्या सगळ्या बाया झोपल्या होत्या.

"बेबी ऑफ मनालीच्या मम्मी का?"

मला तोवर कुणी मम्मी म्हटलं नव्हतं. "हो," म्हटलं.

"सिस्टर बोलतेय. आज तीस मिली आलं. बेबीने सगळं संपवलं."

"कसा आहे तो?"

"शांत आहे. रडत नाही. वजन आठशे साठ." मग जरा आवाज खाली आणून, "मम्मी, आम्हाला असा फोन करायची परवानगी नसते. कुणाला बोलू नका हं."

नाही बोलले मी. माझ्या मुलाकडून थेट माझ्याकडे येणारी तेवढी एकच गोष्ट होती. दुपारी जेवणं आटोपली, आई आडवी झाली, वाडीतला पाण्याचा पंप बंद झाला की मी फोन हातात घेऊन बसायची. खिडकीबाहेर केळींची पानं एकमेकांवर घासत असायची. ओल्या मातीचा वास खोलीत यायचा. बरोबर साडेतीनला फोन.

"पंचेचाळीस मिली आलं. बेबीने सगळं संपवलं. नऊशे तीस."

"पंचावन्न आलं. सगळं संपवलं. एक हजार ऐंशी."

एवढ्याशा जिवाला एवढं दूध कोण पाजतं, हे मला तेव्हा सुचलं नाही. मशीनची टूं टूं कधी ऐकू येत नाही, हेही नाही. त्या बाईच्या आवाजामागे फक्त एक हलका, कोरडा आवाज असायचा, पाचोळ्यावरून कुणीतरी हळूहळू सरकतंय असा. मला वाटायचं एसी असेल.

बाळ सतरा दिवसांचं झालं त्या संध्याकाळी मला राहवलं नाही. कल्पेश रिकामी पिशवी ठेवायला आला होता. मी म्हटलं, "बाराशेच्या वर गेला ना रे?"

पिशवी त्याच्या हातातच राहिली. "कोण?"

"कोण काय! आपला मुलगा. तिथली सिस्टर फोन करते मला. रोज."

त्याने माझा फोन जवळजवळ ओढूनच घेतला. आलेल्या फोनच्या यादीत वरखाली बोट फिरवलं. मग मला दाखवलं. साडेतीनला कुणाचाच फोन नव्हता. आज नाही, काल नाही, कधीच नाही.

"गोळ्यांनी भास होतात, मनाली," तो म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. मागे आई खिरीची वाटी घेऊन उभी होती. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. अगदी क्षणभरच. पण चोरी करताना सापडलेली दोन माणसं बघतात ना, तसं. अंगावर शहारा आला तो फोनमुळे नाही, त्या बघण्याने आला.

दुसऱ्या दिवशी आईचा डोळा लागल्यावर मी चपला हातात घेऊन बाहेर पडले. नाक्यावर रिक्षा पकडली. खड्डा आला की टाके ओढले जायचे. चंदनसारच्या त्या हॉस्पिटलचे तीन जिने मी कठड्याला धरून चढले.

वरच्या काचेच्या दारापाशी एक सिस्टर बसली होती, वसईकडचीच, छातीवर नाव शर्ली. मी म्हटलं, "बेबी ऑफ मनाली. मी आई आहे त्याची. मला हात धुवायला कुठे..."

ती उठून उभी राहिली. माझ्याकडे बघितलं, माझ्या पोटाकडे बघितलं. मग खुर्ची माझ्यापुढे सरकवली. "बसा तुम्ही आधी."

"मला बघायचंय त्याला."

"मिस्टरांनी तुम्हाला... काहीच सांगितलं नाही?"

मी बसले नाही. तिने माझा हात हातात घेतला आणि हळू आवाजात सांगितलं. पाचव्या दिवशी पहाटे. फुप्फुसात रक्त उतरलं. डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले. मिस्टर इथेच होते, त्यांच्याच हातात दिलं बाळ.

काचेपलीकडे सहा-सात पेट्या होत्या, निळसर उजेडात. प्रत्येकीत कुणाचं ना कुणाचं मूल होतं.

"मग मला रोज फोन कोण करतं?" मी विचारलं. "तुमच्याकडची सिस्टर. वजन सांगते, दूध सांगते."

"आमच्याकडे तुमचा नंबरच नाही," शर्ली म्हणाली. "बाबांचाच नंबर लिहिलाय. आणि दूध तर... त्या दिवसानंतर दूध आलंच नाही इथे."

भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन झाले आणि माझ्या हातातला फोन वाजला. मी स्पीकर लावला.

"मम्मी," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच, मायेचा. "तुम्ही तिथे कशाला गेलात? बेबी तिथे नाही..."

मागे तो पाचोळ्याचा आवाज होता. आज जवळ होता.

"साठ मिली आलं. सगळं संपवलं. आता पुरत नाही त्याला, मम्मी..."

शर्लीने छातीवर क्रूस काढला. तिनेही ऐकलं, हे मी तुम्हाला मुद्दाम सांगते. फोन आपोआप बंद झाला. यादीत काही नव्हतं.

कल्पेशला शर्लीनेच बोलावलं. वसई पूर्वेच्या त्याच्या कारखान्यातून तो पाऊण तासात आला. मला दाराशी बघून तिथेच जिन्यावर खाली बसला.

"डॉक्टर म्हणाले, हिला धक्का बसला तर ही पण जाईल," तो म्हणाला. "दोनशेच्या वर बीपी होतं तुझं. मी रोज ठरवायचो, उद्या सांगू."

"आणि फोटो?"

"पहिल्या चार दिवसांतले. रोज एकेक..."

"आईला माहीत होतं?"

त्याने मान खाली घातली. "त्याच म्हणाल्या, दूध काढू दे तिला. एकदम थांबवलं तर संशय येईल."

तेरा दिवस मी ज्याच्यासाठी पहाटे उठत होते तो मातीखाली होता. हे माझ्याशिवाय सगळ्यांना माहीत होतं, आणि त्या सगळ्यांनी मला प्रेमाने फसवलं होतं.

"दूध कुठे टाकायचास?"

"टाकलं नाही गं. गटारात ओतवेना मला." तो रडायला लागला. "त्याच्यापाशीच नेऊन ओतायचो. रोज. त्याचंच होतं ना ते..."

मी म्हटलं, मला तिथे ने.

डोंगराच्या पायथ्याशी, स्मशानाच्या मागच्या बाजूला लहान मुलांना पुरायची जागा होती. ऊन अजून होतं, पण करंजाच्या झाडांखाली सावली दाट होती. राखणदार रामनाथ कल्पेशला ओळखत होता. त्याने फाटकाचं कुलूप काढलं. जमिनीवर पाचोळा पसरला होता. त्यावर पाऊल टाकताच तो आवाज आला आणि मी जागच्या जागी थांबले.

"काय झालं?" कल्पेशने विचारलं.

त्याला तो आवाज माहीत नव्हता.

कुत्र्यांनी उकरू नये म्हणून त्याने तिथे मोठा दगड ठेवला होता. दोन माणसांनी उचलावा एवढा. सकाळी तो जागेवर होता म्हणे, आता हातभर बाजूला होता. जमिनीत घमेलं बसेल एवढा खळगा पडला होता, आतल्या बाजूने गुळगुळीत. सकाळीच तिथे दूध ओतलेलं, पण मातीवर डाग नव्हता. तेरा दिवसांच्या दुधाला एक मुंगी लागलेली नव्हती.

खळग्यात फक्त एक हिरवा टॉवेल होता. हॉस्पिटलचा. कल्पेशने त्यातच गुंडाळून बाळाला ठेवलं होतं. टॉवेल धुतलेला होता, डेटॉलचा वास येत होता. आणि त्याची चौकोनी, नीट घडी घातलेली होती.

"कोनी आलं होतं काय रं इथं?" रामनाथ स्वतःशीच पुटपुटला. मग आम्हाला म्हणाला, "कोनी आलं नाय, साहेब. किल्ली माज्याकडंच हाय."

कल्पेश मागे सरकला. मी टॉवेल उचलला. मातीत ठेवलेला, सावलीतला, तो टॉवेल कोमट होता.

त्या रात्रीपासून मी दूध थांबवायच्या गोळ्या सुरू केल्या. दुसऱ्या दिवशी साडेतीनला फोन वाजला, मी उचलला नाही. तिसऱ्या दिवशी बराच वेळ वाजत राहिला. चौथ्या दिवशी माझा पदर ओला झाला, छाती दगडासारखी दुखत होती, तरी मी दोन्ही हातांनी कान दाबून बसले. पाचव्या दिवशी फोन आला नाही. त्यानंतर कधीच आला नाही.

कल्पेशबरोबर मी परत गेले नाही. तो वाईट माणूस नाही, हे मला समजतं. पण तो काहीही सांगायला लागला की मी त्याच्या तोंडाकडे बघत राहते आणि मनात म्हणते, याच्या मागे काय पुरलंय? आईच्या हातचं मी आजही आधी तिला खायला लावते, मग खाते. याला तीन वर्षं होतील आता.

एवढंच असतं तर मी मनाची समजूत घातली असती. बाळंतपणानंतर बायकांना काय काय होतं, म्हणतात. पण गेल्या महिन्यात पोलिओचा रविवार झाला. मंगळवारी आरोग्य केंद्राची उन्नती घरोघरी राहिलेली मुलं बघत आली. नवीनच लागली आहे ती इथे, आमची काही माहिती नाही तिला. तिने विचारलं काहीच नाही, सरळ खडूने आमच्या चौकटीवर खूण करायला लागली.

मी म्हटलं, "अगं, आमच्याकडे लहान मूल नाही."

ती हसली. "असं काय करता, ताई? परवा तुमच्या नाक्यावरच्या बूथवर डोस दिला की मी त्याला. करंगळीला शाई पण मीच लावली. एक सिस्टर घेऊन आली होती. हेच घर दाखवलं त्याने बोटाने."

मी विचारलं, "कसा... कसा आहे तो?"

"गोड आहे. तुमच्यासारखेच डोळे. रडला नाही अजिबात." ती खडू पिशवीत टाकत म्हणाली. "फक्त पायात काहीतरी घालत जा त्याच्या, ताई. घोट्यापर्यंत माती होती. मी त्याला म्हटलं, आईकडे जा, धुवून घे. तर म्हणतो, आई आत घेत नाही."