घरच्यांना कसलाही धोका नाही

माझे कपडे धुणं म्हणजे धुतलेलेच कपडे पुन्हा धुणं, असं बायको लग्न झाल्यापासून म्हणायची. तिचं खरंच होतं. बत्तीस वर्षं मी ब्रेकच्या पट्ट्या बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी केली, पण यंत्रांच्या बाजूला पाऊल टाकायची वेळ क्वचितच आली. मी ऑफिसातला माणूस. हजेरी, रजा, नोटिसा. खिशावर शाईचा डाग पडला तर तीच काय ती मर्दुमकी. कारखाना बंद पडून नऊ वर्षं झाली आणि मला घरी बसूनही तितकीच.

त्यामुळे चार महिन्यांपूर्वी एका सकाळी ती मागच्या गॅलरीतून ओरडली, "अहो, हल्ली जाता तरी कुठे? शर्टाला केवढी धूळ ही!" तेव्हा मी पेपरातून मानही वर केली नाही.

"वाचनालयात," मी म्हणालो.

"मग तिथली पुस्तकं तरी झटकायला सांगा त्यांना."

आठवड्याभराने मी ते स्वतः पाहिलं. तिने माझा शर्ट खांद्यांना धरला, तोंड एका बाजूला वळवलं, तीन झटके दिले, मग उलटा करून कठड्यावर दोनदा आपटला. उन्हात राखाडी-पांढरी भुकटी तरंगत राहिली. मी चहा संपवला तरी ती खाली बसली नव्हती.

"सरळ मशीनमध्ये टाक ना," मी म्हणालो.

"छे! ओलं झालं की लगदा होतो त्याचा. मोरी तुंबते. कोरडंच झटकावं लागतं."

हे वाक्य मी पूर्वी ऐकलं होतं. आमच्या मिश्रण खात्यातल्या कामगारांच्या बायका असं म्हणायच्या. दुसऱ्या कुणाला ते ठाऊक असायचं कारण नव्हतं.

मिश्रण खात्यात अ‍ॅस्बेस्टॉसची भुकटी कालवत. पूर्वी कारखान्यात धुलाईघर होतं. पाळी संपली की कामगार कपडे तिथे टाकत, अंघोळ करत आणि घरी जात. पुढे तयार माल ठेवायला जागा पुरेना, म्हणून धुलाईघराचं गोदाम झालं. यापुढे कामाचे कपडे घरी धुवावेत, अशी नोटीस निघाली. ती मीच टाइप केली. तेव्हा मी नवा होतो, त्यात काही वावगं वाटलं नाही.

बारा वर्षांनी त्या खात्यातला एक कामगार माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. "साहेब, बायकोला दम लागतो. हसायला लागली की अर्ध्यावर थांबते, श्वास पुरत नाही. माझ्या कपड्यांमुळे तर नसेल?"

असं विचारणारा तो चौथा होता. मी कारखान्याच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी चिठ्ठीवर एक ओळ लिहून दिली: 'या आजाराचा संसर्ग होत नाही.' ओळ खरी होती. त्या रोगाला जंतू नसतो, खोकल्यातून तो पसरत नाही, एकाच्या छातीतून दुसऱ्याच्या छातीत उडी मारत नाही; तो होतो श्वासातून आत गेलेल्या भुकटीने. नोटीस टाइप करताना मात्र एवढीशी ओळ मला फार उघडीबोडकी वाटली. म्हणून खाली मी माझ्या मनाने दुसरी घातली. 'घरच्यांना कसलाही धोका नाही.' मला कुणी घालायला सांगितली नव्हती. नंतर ती काढायलाही कुणी सांगितलं नाही.

तो कामगार फळ्यावर वाचून मुद्दाम वर आला. "जीव भांड्यात पडला साहेब," म्हणाला. दोन वर्षांनी त्याची बायको गेली. त्यानंतर आणखी कोण कोण गेल्या, हे विचारणं मी सोडून दिलं.

"लगद्याचं तुला कुणी सांगितलं?" मी बायकोला विचारलं.

"तुम्ही दुपारी वाचनालयात जाता ना, तेव्हा एक बाई येते. मागच्या गल्लीत राहते म्हणे. भली आहे बिचारी. भिंतीला पाठ टेकत नाही, ताठ बसते. हसायला लागली की मध्येच थांबते."

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नाही. पुरावा हवा म्हणून मी कठड्यावरची चिमूटभर भुकटी कागदात बांधली आणि कारखान्यातल्या माझ्या जुन्या मित्राकडे गेलो. तो तिथे केमिस्ट होता, अजून घरी सूक्ष्मदर्शक बाळगून आहे. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला.

"अरे, हे आणलंस कुठून? हा आपल्याच खात्यातला माल आहे."

"घरातून."

तो म्हणाला, "वहिनींना तपासून घे."

मी नवा शर्ट आणला, खोक्यातून काढून एक दिवस घातला. तिने झटकला, भुकटी उडाली. लाँड्रीतून परत आलेला, इस्त्रीचा झटकला, तरी उडाली. मी दुपारचं बाहेर पडणं बंद केलं आणि आठवडाभर दाराकडे तोंड करून बसलो. कुणी आलं नाही. पण रोज संध्याकाळी बायको म्हणायची, "आज ती लवकर उठली. तुम्ही असलात की अवघडते."

तिला खरं सांगायला हवं होतं, तिथल्या तिथे. मला लाज वाटली. जिच्यासमोर आयुष्यभर सज्जन म्हणून वावरलो, तिच्यासमोर मान खाली घालायची माझी तयारी नव्हती. मी दोन महिने घालवले. तोवर ती जिन्यात मधेच थांबू लागली होती.

छातीच्या डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म उजेडावर धरली. "अशा खुणा उमटायला वीस-पंचवीस वर्षं लागतात. घरात कुणी अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामात होतं का?"

"छे हो," बायको म्हणाली. "हे तर खुर्चीवरचे. यांच्या कपड्यांना कधी डागसुद्धा नसायचा." ते तिने अभिमानाने सांगितलं.

मग मात्र मला राहवलं नाही. धुलाईघर, नोटीस, दुसरी ओळ, तो कामगार, मी सगळं तिथेच सांगितलं. डॉक्टर टेबलावरचे कागद उगाच सारखे करत राहिले.

बायको शांत होती. "ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "ती सांगते ना. तुमच्यावर राग नाही म्हणाली तिचा."

राग असता तर मला सोसलं असतं.

आता पुन्हा त्या कपड्यांना हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी तिला बजावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला आत बसवलं, गॅलरीचं दार लावलं आणि आदल्या दिवशीचा शर्ट घेतला. नाकाला रुमाल मुद्दाम बांधला नाही. जे जायचं ते माझ्या छातीत जाऊ दे, असं मी मनाशी म्हणालो.

मी झटकला.

काही उडालं नाही.

पुन्हा झटकला. कठड्यावर आपटला. दोन गुंड्या तुटून खाली पडल्या. ऊन स्वच्छ होतं. दुसरा शर्ट घेतला, तिसरा घेतला. खांदे भरून आले. एक कण उडेना. मी रडत होतो.

दार उघडलं.

"तुम्हाला नाही जमायचं ते," ती म्हणाली. "द्या इकडे."

"नको. अगं, नको."

मी बाही घट्ट धरून ठेवली. तिने माझी बोटं एकेक करून हळूच सोडवली.

तिने तोंड एका बाजूला वळवलं आणि एकच झटका दिला.

गॅलरी पांढरी झाली.

मी तिच्या शेजारी उभा राहिलो आणि तोंड उघडं ठेवून खोल श्वास घेत राहिलो. वारा तिच्याकडून माझ्याकडे येत होता. तरी भुकटी माझ्यापाशी आली नाही. ती सावकाश वळली आणि सगळीच्या सगळी तिच्या बाजूला गेली.