टेबलाची चौथी बाजू

तालमीला मी चुकून तासभर आधी पोचले. हॉलमध्ये तो एकटाच... टेबलाभोवती फिरत होता. टेबलावर भलामोठा कागद. एका बाजूला थांबून दोन ओळी गुणगुणायचा, की निघाला पुढच्या बाजूला.

"काही हरवलंय का?"

"दोन गायक," तो म्हणाला. "त्यातल्या एक तुम्ही असाल, तर सापडलात!"

संगीतकार तोच होता. युरोपात प्रबोधनकाळात म्हणे लोक घरच्या टेबलाभोवती बसून गायचे. एकाच कागदावर चौघांच्या ओळी, चार दिशांना तोंड करून छापलेल्या. याने तशीच नवी रचना लिहायला घेतली होती; चौथी बाजू मात्र कोरीच होती.

"म्हणजे तुमची ओळ मला उलटी दिसणार?"

"म्हणून तर समोर बसा. हातवारे करून ताल दाखवायला पुढे कुणी नसतं. एकमेकांकडे बघून श्वास घ्यायचा."

नियम त्याचा, फायदाही त्याचाच! मी हसले... आणि टेबलाखालून गुणगुण आली. तीन सूर, पुन्हा तेच तीन सूर. माझी साडेतीन वर्षांची लेक, माझा हात सोडून कधी तिथे शिरली कोण जाणे.

घटस्फोटानंतर दोनदा हे झालं होतं – गप्पा रंगायच्या, मग लेक दिसायची आणि समोरच्याला एकदम काम आठवायचं.

"सॉरी, पुन्हा नाही आणणार."

तो मात्र चक्क खाली बसला. "काय गं, ही चाल कुणाची?"

"माझी. तुला नाही देणार."

"उसनी दे."

तिने विचार केला. "परत करायची पण."

त्यानंतर महिनाभर मी तिला शेजारच्या मावशींकडेच ठेवलं. तो रोज विचारायचा, "धाकट्या बाई कुठायत?" मी विषय बदलायचे. श्वास घेताना मात्र त्याचे डोळे टाळता येईनात.

"अहो, मीही श्वास घेतोय, इकडेही बघा!" तिसरे गायक ओरडायचे. पेशाने दंतवैद्य, त्यांच्या नजरेतून काही सुटायचं नाही.

शेवटच्या तालमीच्या दिवशी मावशी गावाला गेल्या. लेकीला घेऊन, धास्तावूनच गेले. इतके दिवस कोरी असलेली कागदाची चौथी बाजू आज भरली होती – लाल खडूने काढलेले तीन ठळक सूर.

"त्या काळी एखादी चाल उसनी घेऊन तिच्यावर सगळं रचायचे," तो म्हणाला. "मी हिची घेतली."

"म्हणजे महिनाभर मी गातेय ते..."

"तिचंच. जरा सावकाश."

"मी... एकटी नाहीये. ही कायम बरोबर असणार. कळतंय ना?"

"पहिल्याच दिवशी कळलं. तुम्हीच तिला लपवत होतात." मग अगदी हळू – "दोघीही हव्यात मला. येशील?"

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दंतवैद्यांनी बरोबर टिपलं. "मी बाहेर थांबू का?"

"बसा हो!" आम्ही दोघं एकदम म्हणालो.

लेक चौथ्या बाजूच्या खुर्चीत, उशीवर चढून बसली. तिने तिचे तीन सूर गायले, त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि वैतागून म्हणाली, "आई, श्वास घे ना! तो थांबलाय तुझ्यासाठी."

घेतला.