‘माळाची सरू’चा पहिला खेळ

हर्षाली पठारावरच्या आणे गावात पोचली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. काम साधंच होतं. म्हाताऱ्या चांगदेवांकडून एका जुन्या सिनेमाची सात रिळं घ्यायची आणि पुण्याला न्यायची.

‘माळाची सरू’ याच पठारावर पंचेचाळीस वर्षांपूर्वी चित्रित झाला होता. मेंढरं राखणारी इथलीच माणसं त्यात होती, नायिका सरूबाईसुद्धा त्यांच्यातलीच. पुण्यात एक दिवस चालला आणि उतरवला. फिल्म सोसायटीच्या कपाटात हर्षालीला त्याची चार छायाचित्रं सापडली, तेव्हापासून सरूबाईचा चेहरा तिच्या डोक्यातून जाईना. सिनेमा जतन व्हावा म्हणून तिनं दोन वर्षं सरकारदरबारी अर्ज केले. शेवटी एक साहेब हसून म्हणाले, “असले सिनेमे कोण बघणार?”

हे सांगताना तिचा आवाज चढला. चांगदेव तर उसळलेच.

“कोण बघणार? आदी दावा तर! तंबू टॉकीजमधी तीस वर्सं मशीन चालवलं मी. ही रिळांची पेटी आमच्याकडं आली, तर मालक म्हणला, मेंढक्यांचं कोण बघतंय. एक खेळ लावू दिला न्हाई. अन् शूटिंगवाल्यांनी समद्या माळाला सबूद दिल्ता, पयला खेळ तुमालाच दावू. वाट बघू बघू मेली माणसं.”

“सरूबाई?”

“ती बी.” चांगदेवांनी पेटीवरून हात फिरवला. “नंतर रिळं मपल्याकडंच व्हती, मशीन व्हतं. तरी मी बी दावला न्हाई, ताई.”

“मग आज लावा,” हर्षाली म्हणाली.

मागच्या पत्र्याच्या खोलीत मशीन होतं. चांगदेवांनी भिंतीला धोतर ताणून बांधलं, दार लावलं. भर दुपारी मिट्ट काळोख झाला. डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबूस वास नाकात शिरला. मशीनमधला, रिळावरचा आवाज उमटवणारा दिवा गेलेला, त्यामुळे चित्र मुकंच उमटलं. वाऱ्यावर झुकलेलं गवत, मेंढरांचा लोंढा, आणि सरूबाई. काय चालत होती ती बाई! हर्षालीची नजर तिच्यावरून हलेना. हे, हे एवढं लोकांपासून लपवून ठेवलं?

चौथ्या रिळात सरूबाई विहिरीवर पाणी पीत होती. तिनं तोंड पुसलं आणि सरळ समोर बघितलं. ओठ हलले.

चांगदेव मशीनवरून पुढे झुकले. “हे… ह्यात नव्हतं.”

“म्हणजे?”

“पेटी आली तवाच समदी रिळं तपासली व्हती मी. ती समोर बघतच न्हाई.”

सरूबाई तेच दोन शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती. हर्षालीला ते वाचता आले. *कोण बघतंय?*

खोलीत आता ओल्या लोकरीचा वास भरला होता. कुणीतरी दबकं खोकलं. रीळ संपलं, धोतर पांढरंफेक झालं, आणि त्यावर सावल्या पडलेल्या दिसल्या. फेट्यांच्या, पदरांच्या, दाटीवाटीनं बसलेल्या. मशीन आणि पडद्याच्या मधली जमीन मात्र रिकामी होती.

हर्षालीनं चांगदेवांचं मनगट धरलं. “बंद करा…”

“न्हाई,” ते पुटपुटले. त्यांचे डोळे भरले होते. “बसू द्या त्यांना. लई वर्सं उभी व्हती.” आणि त्यांनी पाचवं रीळ चढवलं.

सातवं संपेपर्यंत दोघंही हलले नाहीत. मग सावल्या विरल्या.

दुसऱ्या दिवशी पुण्यात सुदर्शननं डबे उघडले. जुन्या फिल्म दुरुस्त करणं हेच त्याचं काम. एकेक रीळ त्यानं टेबलावर आपटलं. विटेसारखा आवाज आला.

“सातही चिकटून दगड झालीत. निदान वीस वर्षं झाली असतील. यातला एक फूटही सुटणार नाही.”

“पण काल आम्ही पूर्ण बघितला!”

“मशीनवर? शक्यच नाही, हर्षाली.”

ती संतापानं उठून उभी राहिली. वीस वर्षं! कुणीतरी एकदा दाखवला असता तर! तेवढ्यात फोन वाजला. चांगदेव होते, अगदी हळू बोलत होते.

“ताई… रिळं तुमी नेली न्हवं? समदी?”

“हो. का?”

“हितं लाईट न्हाई सकाळपासनं. तरी मशीन चालू हाय, धोतरावर सरू दिसतीया.” त्यांना धाप लागली होती. “निम्मं गाव येऊन बसलंय आत. जित्ती माणसं, ताई… नावानं हाका मारतोय, तर कुणी वळून बघंना.”